गैरहजर मुलाचा हक्क

शाळा कोणासाठी भरते, हा प्रश्न वरवर पाहता इतका सोपा आहे की तो विचारणाराच हास्यास्पद ठरावा. शाळा मुलांसाठी भरते, हे उत्तर कोणीही देईल. परंतु 'मुलांसाठी' म्हणजे नेमक्या कोणत्या मुलांसाठी? आज जी समोरच्या बाकांवर बसली आहेत त्यांच्यासाठी, की ज्यांची नावे हजेरीपटावर लिहिली आहेत त्या सर्वांसाठी? हा पोटप्रश्न विचारला की सोप्या उत्तराचा सोपेपणा नाहीसा होतो. शहरातील सुखवस्तू शाळांत हे दोन समूह बहुधा एकच असतात. एखादे मूल तापाने चार दिवस आले नाही, तर पाचव्या दिवशी मित्राची वही उतरून घेते आणि विषय संपतो. बीड जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांत मात्र हे दोन समूह दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एकमेकांपासून तुटतात, आणि ते पुन्हा एक होईपर्यंत गुढीपाडव्याचा सुमार येतो. म्हणून आमच्या मनातील प्रश्नाचा विचार ह्या जिल्ह्याच्या संदर्भात करणे आम्हांस इष्ट वाटते. जेथे अडचण ठळक असते, तेथे तत्त्वही ठळक दिसते.

ह्या भागातील सहावी ते आठवीच्या कोणत्याही शाळेत वर्षारंभी आगामी कार्यक्रमांची यादी तयार होते. जूनच्या मध्यास नवागतांचे स्वागत, आषाढीस मुलांची दिंडी, पंधरा ऑगस्टचे ध्वजवंदन, पाच सप्टेंबरचा शिक्षकदिन, सतरा सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, मग प्रथम सत्राची परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर क्रीडास्पर्धा, विज्ञानप्रदर्शन, तीन जानेवारीस सावित्रीबाई फुले ह्यांची जयंती, सव्वीस जानेवारी, वार्षिक स्नेहसंमेलन, फेब्रुवारीच्या अखेरीस मराठी भाषा गौरव दिन व लगोलग विज्ञान दिन, एप्रिलात वार्षिक परीक्षा आणि एक मेस निकाल. यादी निरुपद्रवी दिसते, आणि ती करणाऱ्याच्या मनात कोणाविषयीही आकस नसतो. तथापि तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. वर्षभर मूल गावातच असणार, हे ते गृहीत होय. जे मूल जून ते ऑक्टोबर एवढेच गावात असते त्याच्या वाट्यास ह्या यादीचा पूर्वार्ध येतो. उत्तरार्ध हा दुसऱ्यांचा असतो.

हे असे का होते, ते बीडकरांस सांगावयास नको. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बालाघाटच्या रांगा ह्या जिल्ह्यातून गेल्या आहेत. पाऊस बेभरवशाचा, डोंगरपट्ट्यातील जमीन हलकी, आणि खरिपाचे एक पीक हाती आले की पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांस गावात काम उरत नाही. साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्यासाठी ह्या कुटुंबांनी मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', ही त्या व्यवहारातील मोजणी. काही टोळ्या दसरा होताच निघतात, बाकीच्या दिवाळीनंतर. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी साताऱ्याकडे, कोणी सोलापूर, पुणे किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात, तर कोणी थेट कर्नाटकात बेळगावच्या बाजूस. उसाच्या फडाजवळ कोपी उभी राहते आणि तिच्यात पाच-सहा महिन्यांचा संसार मांडला जातो. बरोबर गेलेली मोठी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या वाहू लागतो. जे वय सातवीच्या बाकावर शोभावे ते उसाच्या पाचटात जाते.

आता ह्या मुलाच्या अनुपस्थितीत वर्गात काय शिकविले जाते ते पाहू. बालभारतीने २०१७ साली काढलेल्या सातवीच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन विभाग आहेत. दुसऱ्या विभागाचा आरंभ समप्रमाण व व्यस्तप्रमाण ह्या पाठाने होतो, आणि त्याच्यामागून लगेच बँक व सरळव्याज येते. दुसरा विभाग म्हणजे दुसरे सत्र, आणि दुसरे सत्र म्हणजे दिवाळीनंतर. ज्या मुलाच्या बापाने टनामागे अमुक दराने अमुक इतकी उचल घेतली आहे, ती फिटण्यास किती टन ऊस तोडावा लागेल, मधले खाडे किती धरले जातील, मागील हंगामाची बाकी ह्या हंगामात किती फुगून येईल, ह्या सर्व हिशेबांची किल्ली त्या दोन पाठांत आहे. जगात ज्या मुलास त्रैराशिकाची सर्वांहून अधिक निकड असावी, त्याच मुलाच्या पाठीमागे त्रैराशिक शिकविले जाते. तो हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो, आणि मुलगा मोठा झाला की त्याच वहीत त्याचेही नाव चढते. ह्यात कोणाचाही कट नाही, हे खरे. परंतु कट नसतानाही अन्याय घडू शकतो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. दुष्ट माणूस सापडला नाही की आपला विवेक स्वस्थ झोपी जातो.

शिक्षकाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. दिवाळीनंतर वर्गात कोठे निम्मी मुले असतात, कोठे त्याहूनही कमी. जी आली आहेत त्यांना पुढचा पाठ हवा आहे, आणि जी गेली आहेत ती पाडव्यास परत येतील तेव्हा हाच पाठ त्यांना परका असणार आहे. शिक्षकाने पुढे जावे की थांबावे? पुढे गेला तर गेलेल्यांना सोडून दिल्यासारखे होते. थांबला तर जी आली त्यांना शिक्षा केल्यासारखे होते. ह्या पेचास नुसता व्यवस्थेचा प्रश्न म्हणून बाजूस सारणे आम्हांस मान्य नाही. हा नीतीचा प्रश्न आहे. दोन निरपराध पक्षांचे हक्क एकमेकांशी भिडतात तेव्हा कोणाचा किती, हे ठरविणे ह्यासच नीतिविचार म्हणतात.

पहिला पक्ष म्हणतो की, हजर असलेल्याचा हक्क प्रथम. शाळेची घंटा सर्वांसाठी सारखीच वाजते. जो येतो त्यास विद्या मिळते. जो येत नाही त्याच्या आईबापांनी विचार करावा. ह्या म्हणण्यात एक सरळपणा आहे, आणि त्याची मुळे आपल्या इतिहासातही दाखविता येतील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केलीच होती. पालकाच्या कर्तव्याचा आग्रह धरणे म्हणजे गरिबाचा द्वेष करणे नव्हे, हे तेवढ्यावरून दिसून येईल. परंतु ह्याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक विद्यार्थी-वसतिगृहे उभी केली होती, हे विसरून चालणार नाही. सक्ती आणि आसरा ही त्यांच्या धोरणाची दोन अंगे होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ते ह्याच जाणिवेने. ज्यास निजावयास जागा आणि खावयास भाकरी नाही त्यास 'शाळा उघडी आहे, ये' म्हणणे हे आमंत्रण नव्हे, हे त्या पिढीस कळले होते. उचल घेतलेल्या बापास 'मुलास घरी ठेव' असा उपदेश करणाऱ्याने त्याच श्वासात सांगितले पाहिजे की, कोणाच्या घरी, कोणाच्या भाकरीवर. ते न सांगता केलेला उपदेश बोलणाऱ्याच्या समाधानापुरताच असतो.

घंटा सर्वांसाठी सारखी वाजते, ह्या युक्तिवादाचेही थोडे परीक्षण करू. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची त्यात हमी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाचे कामाचे दिवस किमान २२० आणि अध्यापनाचे तास किमान १००० असावेत, असे त्याच्या परिशिष्टात ठरवून दिले आहे. नियम चांगला आहे. पण हे २२० दिवस कोणाचे? ते शाळेचे आहेत, मुलाचे नव्हेत. दार किती दिवस उघडे होते ह्याची मोजणी होते. त्यातून आत कोण किती दिवस आले ह्याची मोजणी त्या आकड्यात नाही. फडावर गेलेल्या मुलाच्या वाट्यास त्यांतील निम्मे दिवस आले तरी पुष्कळ. तरीही कागदावर शाळेने आपले २२० दिवस पुरे केलेले असतात आणि कोणाचेही काही देणे राहिलेले नसते.

कोणी म्हणेल की, अशा मुलास नापास न करता वरच्या वर्गात घालतात, ही दया नव्हे काय? पुष्कळ वर्षे आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नाही असा नियम होता. अलीकडे आपल्या राज्याने पाचवीस व आठवीस परीक्षेची अट पुन्हा घातली आहे. ह्या दोन्ही टोकांविषयी आमचे समाधान होत नाही. जे शिकविलेच नाही त्यात मुलास नापास करणे हा उघड अन्याय आहे. आणि न शिकविता पास करणे हा झाकलेला अन्याय आहे. पहिल्याने मुलगा रडतो. दुसऱ्याने तो रडत नाही, म्हणून आपणांस बरे वाटते. हजेरीपटावर सातवी आणि हातातील अक्षर तिसरीचे, अशा मुलास आपल्यापाशी काय नाही हे समजते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दयेने सत्य लपवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा पक्ष म्हणतो की, गैरहजरासाठी थांबा. ह्यातील भावना उदात्त असली तरी निष्कर्ष आम्हांस पटत नाही. जो मुलगा आजीपाशी राहून, स्वतः चूल पेटवून वर्गात येऊन बसतो, त्याचा पाठ थांबविण्याचा अधिकार कोणालाही नाही. कित्येकदा तोही त्याच कोयत्याच्या घरचा असतो. केवळ म्हाताऱ्या माणसाच्या आधाराने मागे राहिलेला. एकाचे दुःख दुसऱ्यास वाटून दिल्याने दुःख कमी होत नाही, ते दुप्पट होते. तेव्हा वर्गाने पुढे गेलेच पाहिजे. पण पुढे जाणाऱ्याने मागच्याची वाट मोडून टाकावी असे त्यातून निघत नाही. मागून येणाऱ्यासाठी पायवाट राखणे हे पुढे जाणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि वर्गाच्या बाबतीत हे कर्तव्य मुलांचे नसून शाळेचे व समाजाचे आहे.

ही पायवाट राखण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, म्हणजे शाळाच मुलामागे गेली. ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर काम करताना गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या, त्यांमागील विचार हाच होता. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. परंतु कुरण जागेवर असते, आणि टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते. शिवाय बेळगावच्या बाजूस गेलेल्या मुलास जवळची शाळा कानडी भेटण्याचा संभव असतो. स्थलांतर करणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड देतात, की जेणेकरून जेथे जाईल तेथील शाळेने त्यास बसवून घ्यावे. कार्ड मुलाच्या हाती असते, पण पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या आईच्या हाती तान्हे मूल असते, आणि ते मूल कोणी तरी सांभाळावयाचे असते. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. आईबाप गेले तरी मुलाने गावातच नातलगांकडे राहावे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शासनाने करावी. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली. आमच्या मते ह्या सर्व उपायांत मुलास गावाच्या शाळेत राखणारा उपाय अधिक श्रेयस्कर आहे, कारण त्यात वर्ग, गुरुजी आणि सोबती तुटत नाहीत.

पण येथे एक शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या लेकरास पाच-सहा महिने आईवेगळे ठेवा, असे सांगण्याचा आपणांस अधिकार काय? मुलीच्या बाबतीत तर आईच्या मनात भीतीच असते. मागे ठेवावी तर राखणार कोण, बरोबर न्यावी तर कोपीस दार नाही. ह्या कोंडीतूनच कित्येकींची लग्ने अजाण वयात उरकली जातात, हे ह्या जिल्ह्याचे जुने शल्य आहे. म्हणून जे वसतिगृह मुलीच्या आईस निर्धास्त करू शकत नाही ते वसतिगृह नव्हे, असे आम्ही म्हणू. तेथे एखादी वडीलधारी, विश्वासाची बाई रात्रंदिवस असणे हे भिंतींहून अगत्याचे आहे. मात्र ह्या शंकेची एक दुसरी बाजूही सुशिक्षित वाचकांनी पाहावी. आपल्यातील कितीतरी घरे मुलांस शिकवणीसाठी लातुरास वा पुण्यास वर्षानुवर्षे ठेवतात. त्या विरहास आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो, आईचा त्याग म्हणतो, आणि त्याचे कौतुक करतो. गरिबाघरचे मूल शिक्षणासाठी आईपासून दूर राहिले की मात्र आपणांस बालमनाची आठवण होते. विरह दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की, आपल्या मुलास दूर ठेवण्याची किंमत आपण देऊ शकतो, आणि त्याच्या आईस ती देता येत नाही. तेथे समाजाने ती द्यावी, हाच न्याय.

आतापर्यंत आम्ही पाठांविषयी बोललो. स्नेहसंमेलनादी कार्यक्रमांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पुष्कळ विचारी माणसे ह्या समारंभांस वेळेचा अपव्यय समजतात. नाच-गाण्याच्या तालमींत दोन आठवडे गेले, अभ्यास बुडाला, अशी त्यांची तक्रार असते. ती काही ठिकाणी खरीही असेल. पण अकरा ते चौदा हे वय असे आहे की, ह्या वयात मुलास आपण चौघांत मोजले जातो की नाही ह्याची तहान लागलेली असते. रंगमंचावर उभे राहून दोन वाक्ये बोलणे, कबड्डीच्या संघात नाव येणे, प्रदर्शनात आपण केलेली वस्तू मांडलेली पाहणे, हेही शिक्षणच आहे. कित्येकांच्या बाबतीत तर तेच पुढे टिकते. जे मूल दरसाल ह्या सर्वांच्या आधी निघून जाते आणि सर्व आटोपल्यावर परत येते, त्यास शाळेच्या भिंतीवरील संमेलनाच्या छायाचित्रात स्वतःचा चेहरा कधीच सापडत नाही. बुडालेला पाठ उन्हाळ्यात भरून काढता येईल. 'ही शाळा आपली नव्हे' हा समज एकदा मनात घट्ट बसला, तर तो कोणत्या उन्हाळ्यात काढावयाचा?

आणि येथेच एक अगदी अल्पखर्चाचा उपाय आम्हांस सुचतो. वर्षाची यादीच बदलावी. मराठवाड्यात शाळेचा एक दिवस असा आहे की ज्या दिवशी वर्ग बहुधा भरलेला असतो आणि टोळ्या अजून निघालेल्या नसतात. तो दिवस म्हणजे सतरा सप्टेंबर. १९४८ साली ह्याच दिवशी निजामाची राजवट संपली. त्या राजवटीत बीडच्या मुलास वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. मूल बाकावर असे, पण त्याची भाषा वर्गाबाहेर असे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे व पुढे अंबेजोगाईस अध्यापन केले, ते मुलास त्याच्या मातीतील शिक्षण मिळावे म्हणून. आज भाषा वर्गात आली आहे आणि मूल वर्गाबाहेर गेले आहे. तेव्हा मुक्तीच्या ह्या दिवसालाच जोडून स्नेहसंमेलन घ्यावे, मैदानी स्पर्धा पावसाची उघडीप पाहून त्याच सुमारास उरकाव्यात, समप्रमाण आणि सरळव्याज हे पाठ श्रावण-भाद्रपदात शिकवावेत, आणि पाडव्यानंतरचे आठवडे परतलेल्या मुलांच्या उजळणीसाठी राखून ठेवावेत. अशाने एकाही हजर मुलाचा एकही पाठ बुडत नाही.

ह्यावर 'राज्यभर वेळापत्रक एकच हवे' असा आक्षेप येईल. पण ते आजही एक नाही. विदर्भात ऊन कडक म्हणून तेथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि त्यात कोणास विषमता दिसत नाही. सूर्यासाठी वेळापत्रक वाकते, ते कारखान्याच्या धुराड्यासाठी का वाकू नये? सर्वांस एकच नियम लावणे म्हणजे समता नव्हे. सर्वांस विद्येपर्यंत पोहोचविणे ही समता, आणि नियम हे तिचे साधन. साधन अपुरे पडले तर ते बदलावे. साध्य बदलू नये.

सारांश, आमचे मत असे. वर्गाने थांबू नये, पण वर्ग पुढे गेला म्हणून मागे राहिलेल्याचे देणे फिटत नाही. मूल स्वतःच्या इच्छेने गैरहजर राहिलेले नसेल तर त्याने आपला हक्क सोडला असे धरता येत नाही. तो हक्क शाळेपाशी ठेव म्हणून राहतो, आणि ठेव परत करावयाची असते. ही जबाबदारी एकट्या गुरुजींवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या साखरेसाठी ही मुले वर्गातून उठून जातात ती आपल्या सर्वांच्या घरी रोज येते. त्या गोडीचा त्याग करा असे आम्ही म्हणत नाही, कारण त्याने त्या मुलांच्या आईबापांची मजुरीच जाईल. आम्ही एवढेच म्हणतो की, आपल्या गावच्या शाळेची पुढील वर्षाची यादी तयार होईल तेव्हा वाचकांपैकी ज्यास तेथे बोलता येईल त्याने एक प्रश्न विचारावा: ह्या तारखेस आपली किती मुले गावात असतील? त्याचे उत्तर यादीच्या समासात लिहून ठेवले, तरी पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतील.